साजूक तुपातली फळी

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, शारजातील एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावरील बाल्कनीत वाळत घातलेल्या खजुराच्या बिया ह्या कचरा नसून औद्योगिक मालमत्ता आहेत. कबुतरांनी, पाहुण्यांनी व घरातील स्त्रीने त्या जागच्या हलवू नयेत. हलवल्यास एका कुटुंबाचे भवितव्य हलेल, याची कृपया नोंद घ्यावी.

घरातील स्त्री म्हणजे मी. कबुतरं शिस्तीची निघाली. त्यांनी एकदा चोच मारून पाहिली आणि शेजाऱ्यांच्या बाल्कनीत निघून गेली. पाहुणे त्या उन्हाळ्यात आलेच नाहीत. राहता राहिले मी, आणि त्या बियांवर सगळ्यात वाईट नजर माझीच होती.

झालं असं. नवरा एका रंगांच्या कंपनीत वीस-बावीस वर्षं रेझिनचं काम करत होता. रेझिन म्हणजे कारखान्यात शिजवलेला महागडा डिंक, एवढंच मला संसाराच्या इतक्या वर्षांत कळलेलं आहे. कंपनीनं शारजातली प्रयोगशाळा बंद केली, केक कापला, त्याला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा इस्त्रीचा शर्ट घालून डायनिंग टेबलाशी बसला आणि खजूर खायला लागला. खाऊन झालं की बी ताटलीत टाकायचा, पुन्हा उचलायचा, दाताखाली धरून बघायचा, पुन्हा टाकायचा.

"इतकी कठीण वस्तू हे लोक फेकून देतात," तो म्हणाला.

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आठवड्याभरात योजना तयार झाली. खजुराच्या बिया आणि घडांचे वाळलेले दांडे कुटायचे, रेझिनमध्ये कालवायचे, तापलेल्या प्रेसखाली दाबायचे आणि फळी काढायची. ज्याला बाजारात पार्टिकल बोर्ड म्हणतात तेच, फक्त लाकडाच्या भुशाऐवजी खजुराचा कचरा. इथं भुसा बोटीतून येतो आणि खजूर मात्र दाराशी पिकतो. धैदच्या बाजूला खजूर पॅक करणाऱ्या शेड आहेत. तिथून आमच्या गाडीच्या डिकीतून पोत्यांनी माल यायला लागला. गाडीला जो वास लागला तो अजून गेलेला नाही. कुणी गाडीत बसलं की विचारतं, "लाडू आणलेत का हो?"

पहिला बळी गेला तो माझा मिक्सर. खजुराची बी ही काय चीज आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं किंकाळी फोडली, धूर सोडला आणि देह ठेवला. नव्या मिक्सरची किंमत मी दुकानात दिरहॅममध्ये ऐकली, मग रुपयांत करून मोठ्यानं म्हटली, आणि आम्ही दोघं काही न घेता बाहेर आलो. मग नवरा बिया घेऊन मसाले दळून देणाऱ्याकडं गेला. त्यानं दळून दिल्या, पण आमच्या आधी कुणाची तरी ब्याडगी मिरची होऊन गेली होती. ते पीठ मी पुरणाच्या चाळणीनं चाळलं. दोघं तासभर शिंकत होतो. मुलगी नोकरीसाठी अबुधाबीला राहते, सुट्टीला घरी येते. तिनं दार उघडलं, ओट्यावरचे दांडे, जमिनीवरचं पीठ आणि आमचे लाल डोळे पाहिले, आणि बॅग खाली न ठेवताच म्हणाली, "आई, धिस इज नॉट अ हॉबी. धिस इज एव्हिडन्स."

फळी दाबायला प्रेस लागतो, आणि तो कुणाच्या बाल्कनीत नसतो. तो मिळाला शारजाच्याच हमरिया फ्री झोनमध्ये. नवऱ्याच्या ओळखीचे एक पेशावरचे गृहस्थ तिथं फर्निचरची वर्कशॉप चालवतात. पांढरी दाढी, करड्या रंगाचा पठाणी आणि आवाज असा की शेजारच्या गाळ्यातल्या माणसानं उत्तर द्यावं. त्यांना आपण खानसाहेब म्हणू, कारण सगळेच त्यांना तसं म्हणतात. त्यांचा मुख्य धंदा कामगारांच्या कॅम्पसाठी कपाटं करण्याचा. दुबईतल्या मुहैस्नाहच्या कॅम्पात खोल्या पाइपनं पाणी मारून धुतात. त्या पाण्यानं कपाटाची खालची फळी फुगते, दार लागेनासं होतं, आणि कॅम्पवाला खानसाहेबांना फोन करून त्यांच्या सात पिढ्यांची आठवण काढतो.

खानसाहेबांनी आम्हाला चहा पाजला आणि अट घातली.

"इंजिनिअर साब, एक फट्टा ऐसा बना दो जो एक दिन, एक रात पानी में पडा रहे और फूले नहीं. नहीं फूला, तो आप मेरे प्रोडक्शन इन्चार्ज, व्हिसा मेरा. फूल गया, तो खलास. दोस्ती अपनी जगह, चाय अपनी जगह."

"इन्शाल्ला," नवरा म्हणाला.

"इन्शाल्ला," मीही म्हणाले, आणि नजर चहाच्या कपात घातली.

कारण फळी फुगली नाही तर आम्ही शारजात राहणार होतो. फुगली तर व्हिसाची मुदत संपायच्या आत सामान बांधून सांगलीला, आमच्या गावी, जाणार होतो. आणि मला सांगलीला जायचं होतं. माझा नवरा जी फळी न फुगण्यासाठी हाताची कातडी सोलून घेत होता, ती फुगावी असं मला वाटत होतं.

ह्याला कारण होती माझी कॉलेजातली मैत्रीण. ती सांगलीत पंचेचाळिशी उलटलेल्या बायकांचं हौशी नाटकमंडळ चालवते. नवऱ्याच्या कंपनीनं केक कापला त्याच आठवड्यात तिचा फोन आला.

"ऐक. नाटक आहे. बाई मेलेली आहे."

"शुभ बोल की गं."

"अगं ऐक. पडदा उघडतो तेव्हा ती मधोमध खुर्चीत बसलेली. तिच्या तेराव्याला सगळे जमलेत, आणि ती एकेकावर बोलत सुटते. त्यांना ऐकू येत नाही, प्रेक्षकांना येतं. दोन अंक नुसती बोलते."

"आणि?"

"आणि काय? तुझ्याशिवाय कोण आहे? तुला अभिनय करावाच लागणार नाही."

मेलेल्या बाईची भूमिका मिळाल्यावर एखादी बाई जितकी जिवंत होऊ शकते, तितकी मी त्या दुपारी झाले. भांडी घासताना संवाद सुचायला लागले. लिफ्टच्या आरशात मी मेल्यावर कशी दिसेन ते पाहिलं. बरी दिसत होते. दसऱ्यानंतर तालमी सुरू होणार होत्या. मैत्रीण म्हणाली, तोवर थांबते, पण पुढं नाही थांबता येणार. दुसरी एक बाई टपून बसली आहे आणि तिचा आवाज पत्र्यासारखा आहे.

मग नवऱ्याला सरळ सांगायचं होतंस, असं तुम्ही म्हणाल. मीही रोज सकाळी तेच ठरवायचे. तो इस्त्रीचा शर्ट घालून बाल्कनीत खजुराचे दांडे तासायला बसला, की तोंडाशी आलेलं गिळून टाकायचे. ज्याला पंचावन्नाव्या वर्षी केक भरवून घरी पाठवलं आहे, त्याला बायको "चला, परत जाऊ" म्हणाली, तर त्याला काय ऐकू येणार? "तुमच्याच्यानं आता काही होत नाही," हेच. मला ते म्हणायचं नव्हतं. आणि दुसरं कारण असं, की माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. वीस वर्षं मी माहेरच्या आणि सासरच्या प्रत्येक फोनवर शारजाचं कौतुक गायलं होतं. "मला बाई आता तिकडं जमायचं नाही. लाइट कधी जाते, पाणी कधी येतं, कोण कधी टपकतं, छे! इथं कसं, शांत." आवाजात चढउतार, मधे एक सुस्कारा. सुरुवातीला ह्यातलं निम्मं तरी खरं होतं. पुढं ते पाठांतर झालं, आणि प्रयोग हाउसफुल्ल चालत राहिला. समोरच्या सोफ्यावर बसून माझा नवरा तो इतकी वर्षं फुकटात ऐकत होता.

तेव्हा मी गप्प बसले आणि कामाला लागले. मन खात असलं की माझ्या हाताला फार काम सुचतं. मी बिया धुतल्या, वाळवल्या, चाळल्या. दांडे कापून कापून माझ्या विळीची धार गेली. नवऱ्याच्या हाताला रेझिन लागून साल निघायची, तर मी संध्याकाळी त्याला खोबरेल लावून द्यायचे. तो म्हणायचा, "तू आहेस म्हणून होतंय हे." त्यानं असं म्हटलं की मी खोबरेलाची बाटली शोधायला आत जायचे, ती हातातच असली तरी.

पहिली फळी आम्ही पाण्यात घातली, ती पुरीसारखी टम्म फुगली. मी तोंडावर हात ठेवला. नवऱ्याला वाटलं मी रडते आहे, आणि त्यानं मला पाणी आणून दिलं. दुसरी फळी फुगली नाही, विरघळली. टबात खजुराची खीर झाली. त्या दिवशी हमरियाहून परत येताना तो गाडी चालवत होता. मी बाहेर बघत होते. मनात माझी मेलेली बाई खुर्चीत सरसावून बसली होती आणि तिला मी दामटत होते.

मग तो एकदम म्हणाला, "तू घाबरू नको."

"मी कशाला घाबरू?"

"तुला इथनं एकदम उचलून नेणार नाही मी. करतो काहीतरी. अजून एक फळी होईल एवढा माल आहे."

"अहो, नाही झालं तरी..."

"नाही, होईल."

"नाही, पण समजा नाहीच झालं, तरी आपण काय..."

"होईल म्हटलं ना!"

तो इतक्या जोरात म्हणाला की पुढच्या टॅक्सीवाल्यानं आरशातून पाहिल्यासारखं मला वाटलं. माणूस माझ्यासाठी एवढा लढतो आहे, आणि मी कुणाच्या बाजूनं आहे? घरी गेल्यावर मी त्याच्या आवडीचं भरलं वांगं केलं. नंतरच्या दिवशी थालीपीठ. त्याच्या पुढच्या दिवशी बासुंदी. तो म्हणाला, "अगं, नोकरी गेल्यापासनं मी लठ्ठ होत चाललोय." माझ्या अपराधाचं वजन त्याच्या पोटावर दिसायला लागलं होतं.

तिसऱ्या फळीचा रविवार उजाडला. रविवारी खानसाहेबांची माणसं सुट्टीवर असतात म्हणून प्रेस आम्हाला मिळायचा. हा शेवटचा प्रयत्न होता. बियांचं पीठ संपलं होतं, रेझिनच्या कॅनमध्ये तळाला राहिलं होतं तेवढंच होतं, आणि खानसाहेबांनाही कॅम्पवाल्याला उत्तर द्यायचं होतं. माझं मन मला इतकं खात होतं की मी पहाटे उठून पुरणपोळ्या केल्या. डबा भरला आणि वेगळ्या डबीत घट्ट साजूक तूप घेतलं. एवढं तूप मी साध्या सणालाही काढत नाही.

वर्कशॉपमध्ये भट्टीसारखं गरम होतं. नवरा मास्क लावून एका मोठ्या परातीत पीठ, दांड्यांचा चुरा आणि रेझिन कालवत होता. रेझिनचा वास डोळ्यांत जातो, म्हणून मी लांब उभी होते. समोरच्या टेबलावर स्टीलची चौकट होती, तळाला चकचकीत पत्रा असलेली. त्यात हे मिश्रण भरायचं, वर दुसरा पत्रा ठेवायचा आणि सगळं प्रेसमध्ये सारायचं.

"चौकट तयार ठेव," परातीतून मान वर न करता तो म्हणाला.

त्याच्या भाषेत चौकट तयार ठेवणे म्हणजे ती कोरड्या फडक्यानं पुसायची आणि आत तो न चिकटणारा कागद अंथरायचा. कागदाची गुंडाळी तिथंच टेबलावर होती. मी ती पाहिली होती. आधीच्या दोन्ही वेळेला मीच कागद अंथरला होता. पण त्या दिवशी माझ्यासमोर एक चकचकीत, कड असलेला, थाळ्यासारखा थाळा होता, त्यात काहीतरी थापायचं होतं, आणि माझ्या हाताशी तुपाची डबी होती. आयुष्यभर वड्या थापणाऱ्या बाईला थाळा तयार ठेव म्हटलं की तिची बोटं कुठं जातील? बोटं गेली. कडेकडेनं फिरली, कोपऱ्यात शिरली, मग मधोमध गोल. वरच्या पत्र्यालाही मी तुपाचा हात फिरवला. नवऱ्यानं परात आणून अर्धं मिश्रण ओतलं आणि उरलेलं खरवडायला परत गेला, तर मी डब्यातली वाटी काढून तिच्या बुडानं ते छान, एकसारखं थापूनही टाकलं. अगदी नारळाच्या वड्या थापतात तसं.

तो परत आला आणि थांबला.

"हे कडेला काय चमकतंय?"

"तूप."

"तूप?"

"साजूक आहे," मी म्हणाले. देवाशप्पथ, मी हेच म्हणाले.

त्यानं मास्क खाली ओढला. माझ्याकडं पाहिलं, चौकटीकडं पाहिलं, माझ्या हातातल्या वाटीकडं पाहिलं. खानसाहेब पलीकडून डोकावले.

"क्या हुआ, इंजिनिअर साब?"

"इन्होंने घी लगाया."

खानसाहेब जवळ आले, बोटानं कड पुसून बोट नाकाशी नेलं आणि त्यांची दाढी हलायला लागली. "भाभीजी, ये फट्टा है या पराठा?"

"रेझिनला तेल-तूप चालत नाही," नवरा मला मराठीत म्हणाला, पण रागानं नाही. "धरत नाही ते मग. सुटतं."

"मग काढू या. पुसू या!"

"आता कसलं पुसतेस? आळायला लागलंय ते. आणि दुसरं आहे कुठं?" त्यानं एक मोठा श्वास घेतला. मला वाटलं आता ओरडेल, आणि मनापासून वाटलं की ओरडावं. पण त्यानं मास्क वर चढवला आणि म्हणाला, "जाऊ दे. होईल ते होईल. दाबू."

मला त्याचा तो चांगुलपणा अजिबात सहन झाला नाही. मी बाजूच्या फळ्यांच्या ढिगावर बसले आणि स्वतःची उलटतपासणी घेतली. हात सवयीनं गेला, खरं आहे. पण हात माझाच ना? कागदाची गुंडाळी डोळ्यांसमोर होती. मी ती पाहिली होती, आणि तरी डबी उघडली. कोर्टात उभी केली असती तर मी काय सांगितलं असतं? मनात नव्हतं म्हणून? मनात तर सहा आठवडे दुसरं काही नव्हतं.

प्रेस बंद झाला, आणि थोड्या वेळानं वास सुटला. आधी रेझिनचा, मग खजुराचा, आणि त्यावर कढवलेल्या साजूक तुपाचा. त्यात कुठंतरी ब्याडगी मिरची. हमरियातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये कुणाच्या तरी लग्नाच्या पंक्ती बसल्यासारखं वाटायला लागलं. शेजारच्या गाळ्यातला रखवालदार दारात येऊन विचारून गेला, "खाना है क्या?" खानसाहेबांनी त्याला आमची एक पुरणपोळी दिली. त्यांनी स्वतःही खाल्ली, तूप उरलं नव्हतं म्हणून कोरडीच.

फळी निघाली. खोटं कशाला बोलू, देखणी निघाली. गडद तपकिरी, मधे मधे बियांचे काळे ठिपके, आणि वरून हात फिरवला तर गुळगुळीत. खानसाहेबांनी कडेला स्क्रू पिळून पाहिला, पक्कड लावून ओढला. तो निघाला नाही. मग त्यांनी पेन्सिलीनं कडेवर जाडीची खूण केली आणि फळी निळ्या टबात बुडवली. ती वर येऊ नये म्हणून तिच्यावर एक लोखंडी तुकडा ठेवला. ती पाण्याखाली गेली तेव्हा बारीक बारीक तुपाचे डोळे वर येऊन तरंगायला लागले. ते सगळे माझ्याकडं बघत होते.

संध्याकाळी घरी मी देवापुढं दिवा लावला आणि हात जोडले. देवा, ती फळी... एवढं म्हटलं, आणि पुढचा शब्द येईना. फुगू दे म्हणावं तर शेजारच्या खोलीत नवरा उद्यासाठी शर्टाला इस्त्री करत होता. फुगू देऊ नको म्हणावं तर देवाशी खोटं बोलायचं, तेही दिवा लावून. शेवटी मी नुसतीच "बघा बुवा तुम्ही" म्हणाले आणि नमस्कार केला. इतक्यात मैत्रिणीचा मेसेज आला, तिला मी फळीचं सगळं सांगून ठेवलं होतं. "फुगली का?" मी तिला फोन करून झापलं.

"असं विचारतात का कुणी? माणसाचं आयुष्य आहे त्या टबात."

"तुझंच ना?"

"त्याचं!"

"बरं बाई. तुम्हा दोघांचं भलं होवो. पण फुगली का?"

मी फोन ठेवला. बाहेर आले तर नवरा इस्त्री बंद करून, शर्ट मांडीवर घेऊन तसाच बसला होता.

"जेवायचं ना?" मी विचारलं.

"भूक नाही गं."

"काळजी वाटते?"

"हं," तो म्हणाला. मग माझ्याकडं पाहून म्हणाला, "तुला?"

"मलाही."

आम्ही दोघं बराच वेळ तसेच बसून राहिलो, दोघंही खूप काळजीत. मी त्याचा हात हातात घेतला. त्याची साल निघालेली बोटं हाताला लागली आणि मला वाटलं, आत्ता सांगावं. सगळं सांगावं, नाटक, मेलेली बाई, पत्र्यासारख्या आवाजाची टपून बसलेली बाई. पण ज्याची परीक्षा पाण्यात आहे त्याला आदल्या संध्याकाळी काय सांगायचं? उद्या फुगली, की मग सांगीन, असं मी ठरवलं. म्हणजे मी ठरवतानासुद्धा ती फुगणार असंच धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉप चालू होती. करवतीचा आवाज, भुशाची धूळ. खानसाहेबांनी हात वर करून सगळ्या मशीन थांबवायला लावल्या. माणसं टबाभोवती जमली. बिहारचे, बंगालचे, दोघं पेशावरचे, आणि सगळ्यांना घी का फट्टा काय आहे ते कळलेलं होतं. नवरा इस्त्रीच्या शर्टात ताठ उभा होता. मी त्याच्या शेजारी होते. मी मनाशी दोन चेहरे तयार ठेवले होते, फुगली तर दुःखाचा, नाही फुगली तर आनंदाचा. दोन्ही घरून नीट बसवून आणले होते.

खानसाहेबांनी बाह्या वर सारल्या, लोखंडी तुकडा बाजूला केला आणि फळी बाहेर काढली. पाणी तिच्यावर थांबेना. थेंब थेंब होऊन, कमळाच्या पानावरून घसरावं तसं घसरून गेलं. त्यांनी फडक्यानं तिला पुसलं, टेबलावर आडवी ठेवली, टिचकी मारली. टक्क वाजली. मग खिशातून मापाचं पक्कडीसारखं उपकरण काढलं, पेन्सिलीच्या खुणेवर लावलं आणि डोळे बारीक करून पाहिलं. दुसऱ्या बाजूला लावलं. तिसऱ्या कोपऱ्याला लावलं.

"माशाल्ला," खानसाहेब म्हणाले. मग आणखी मोठ्यानं, "माशाल्ला! बाल बराबर फर्क नहीं!"

"कैसे?" नवऱ्यानं विचारलं. त्याचा आवाज फार बारीक आला.

"अरे, बडी फॅक्ट्रीवाले पानी रोकने के लिए बोर्ड में मोम डालते हैं. भाभीजी ने घी डाल दिया. बात तो वही है! अब घी से हुआ या खजूर से, अल्ला जाने. मुबारक हो, इंजिनिअर साब. व्हिसा का काम कल से शुरू. यल्ला, कोई मिठाई लाओ!"

माणसांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी फळीवर हात फिरवून वास घेतला. माझ्या आत सांगलीच्या नाट्यगृहातली ती खुर्ची रिकामी झाली आणि दिवे गेले. पण मी आनंदाचा चेहरा चढवला. आयुष्यात इतका चांगला चढला नव्हता. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं, ते तर वेगळं आणावं लागलं नाही. टाळ्या वाजवत, हसत, मी नवऱ्याकडं वळले, त्याचं अभिनंदन करायला.

तो फळीकडं बघत होता. खानसाहेबांनी पुढं केलेला हात त्यानं घेतलाच नव्हता. त्याचे खांदे इस्त्रीच्या शर्टाच्या आत खाली आले होते, आणि भर वर्कशॉपमध्ये, सगळ्या माणसांच्या टाळ्यांवर, शुद्ध सांगलीच्या मराठीत तो ओरडला,

"आयला! म्हणजे आता इथंच राहायचं?"